सत्तेचाळिसावा आठवडा

मी, झोंबोरी विल्मोश, वय वर्षे पंचाहत्तर, पोलाद कारखान्यातला निवृत्त कामगार, राहणार ओझ्द, हंगेरी, डोके ठिकाणावर असताना आणि थेंबभरही प्यायलेला नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसे कामातून गेली आहेत. डॉक्टर उन्हाळ्याचे नाव काढत नाही, मीही विचारत नाही.

१. माझी पत्नी पिरोश्का सहा वर्षांपूर्वी वारली. वारस एकच, मुलगी बोग्लार्का. ती ऑस्ट्रियात परक्या म्हाताऱ्यांची सेवा करते. त्यापुढे आमचे कुणी नाही.

२. माझी मिळकत अशी: राहते घर, जे कारखान्यातल्या सोबत्यांनी आणि मी रविवार-रविवार खपून उभे केले (नंतर त्यांच्या घरांवर मीही तितकाच राबलो, कुणाचे उपकार ठेवलेले नाहीत), मागची चार जर्दाळूची झाडे, घरातले सामान, आणि बालातोन सरोवराकाठच्या एका सुट्टीघरातला दर वर्षीचा सत्तेचाळिसावा आठवडा, सन २०९३ पर्यंत.

३. हा आठवडा माझ्या गळ्यात कसा पडला ते सांगणे भाग आहे. १९९६ साली फोन आला की तुम्हाला बक्षीस लागले आहे, जोडीने या. हॉटेलच्या हॉलमध्ये वाइन दिली, चित्रे दाखवली. दर वर्षी एक आठवडा हे सुट्टीघर तुमचे, म्हणाले; जा किंवा न जा, वर्षाची वर्गणी भरावीच लागते हे नंतर कळले. चार तास बसवून ठेवले. कारखाना चालू होता तेव्हा युनियन आम्हाला सरोवरावर जायची चिठ्ठी द्यायची. जमले नाही तर चिठ्ठी परत करायची, यादीतला पुढचा जायचा. पिरोश्का कानात म्हणाली, "घे रे, युनियनच्या चिठ्ठीसारखंच आहे. नको झालं तर परत देऊ." मलाही तसेच वाटले. म्हणून सही केली. दोष तिचा नाही, सही माझी आहे.

सत्तेचाळिसावा आठवडा म्हणजे नोव्हेंबरची अखेर. दुकाने बंद, धक्क्यावर कुत्रेसुद्धा नाही. पिरोश्का कोट घालून खिडकीशी बसायची आणि म्हणायची, "हवा छान आहे." तिने शिव्या घातल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

४. सुटण्यासाठी मी काय नाही केले. कंपनीला पत्रे लिहिली. उत्तर आले की दुसरा घेणारा आणा. फुकट देऊ केला. शेजारी केरेकेश बाल्ताझार कुंपणावरून म्हणाला, "विल्मोश, तुझं दुखणं माझ्या दारात आणू नकोस." मग बुडापेस्टचा एक गृहस्थ भेटला, सोडवून देतो म्हणाला, फी घेतली आणि तोंडाला पाने पुसून गेला. शेवटी वर्षाची वर्गणी भरणेच बंद केले. तेव्हा घरावर जप्तीची नोंद चढली. आता ते विकताही येत नाही, मुलीच्या नावे करताही येत नाही.

५. नोटरीबाईंनी मला समजावले ते असे: "आजोबा, यातलं निवडून घेता येत नाही. घर घेतलं की आठवडाही आला. नाकारायचं तर सगळंच, मग ते सरकारजमा होतं. आणि मुलीने घरातला चमचा जरी आपला म्हणून उचलला, तरी तिने वारसा स्वीकारला असं धरतात. मग नाकारता येत नाही."

६. बोग्लार्काला फोनवर हे सांगितले. ती म्हणाली, "आईने सारवलेल्या भिंती मी सरकारला देऊ?"

"दे."

"नाही देणार. भरीन मी, बाबा. लोकांची ढुंगणं पुसते मी इथे, तेवढं जमेल."

"त्र्याण्णव सालापर्यंत पुसणार आहेस का?"

तिने फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही. पोरगी माझ्यावर गेली आहे, हट्टी आहे.

७. म्हणून माझी अंतिम इच्छा: बोग्लार्काने माझा वारसा संपूर्ण नाकारावा. घर, झाडे, सगळे. आईची अंगठी टपालाने पाठवली आहे, ती तुझी. बाकी कशावर जीव अडकवू नकोस.

८. घराची किल्ली बाल्ताझारकडे राहील. १९८७ साली त्याने कुंपण माझ्या बाजूला वीतभर सरकवले, ते मी माफ केलेले नाही आणि करणारही नाही. पण दुसरा कुणी असता तर पोरीचे रडणे पाहून विरघळला असता. हा माणूस बत्तीस वर्षांत माझ्यापुढे एकदाही नमला नाही.

९. बोगी, स्टेशनवरून थेट दफनभूमीत ये. दगडावर माझे नाव आईच्या शेजारी आधीच कोरलेले आहे, फक्त साल घालायचे आहे. कारागिराला सांगून ठेवले आहे. नंतर घराकडे वळशीलच, मला माहीत आहे. फाटकाशी हवे तेवढे उभे राहा. आत जाऊ नकोस. बाल्ताझारला शिव्या दे, त्याला चालतील. मग संध्याकाळच्या गाडीने परत जा.

ओझ्द, ११ फेब्रुवारी २०१९
(सही) झोंबोरी विल्मोश

साक्षीदार:
वारादी एतेल्का, टपालवाली. माझ्यासमोर सही केली.
केरेकेश बाल्ताझार, शेजारी. वाचले. कुंपण जागेवरच आहे. पोरीला आत सोडणार नाही.