टँकरचे पैसे आन् माझी शेळी

मंगळवार, रात्र. ऊन लई तापलं आज.

माझा गजानन हापिसातून आला तो उड्या मारीतच. म्हणे, "आई, शेअरचा फंड चढलाय. बाँडमधलं तुझं सगळं काढून तिकडं टाकू. हापिसात समदे तेच करायलेत." म्हटलं, "एक मेंढरू नाल्यात उतरलं की बाकीची कुठं विचारतेत?" जन्म गेला माझा मेंढरांमागं.

बाँड म्हंजी काय, ते मला अजून धड कळत नाय. पण पाचोडचं रान विकून आलेला माझा वाटा तिथं हाय. इथं गारखेड्यात नळाला पाणी कुठं? दर महिन्याला त्याच बाँडच्या फंडातून टँकरचे पैसे निघतेत. टँकर माझ्या पैशाचा, म्हणून मी शेळीला बादलीभर पाजलं तरी सून ब्र काढीत नाय. अन् शेअर पडला तर? आधी शेळी जाईल, मग माझा आवाज.

गजाननला म्हटलं, "चढलाय ना? भाव चढला की मेंढरू विकतेत. मग तुझ्यातलंच थोडं इकडं बाँडात टाक." जेवताना म्हणाला, "राहू दे तुझं तिथंच."

हात धुवायला बाहेर गेले तर शेळी बादली रिकामी करून त्याच्या बुटाची नाडी चघळत होती. बघितलं, पण हटकलं नाय.