तयारीच्या सभेपर्यंत

तेर, ५ नोव्हेंबर १९४४, रविवार
पाद्रीसाहेबांचं पत्र आलं. २५ तारखेला, शनिवारी दुपारी चारला शाळेत तयारीची सभा. रविवारी प्रभुभोजन. ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं सभेत सगळ्यांसमोर मिटवायचं, मगच भाकर आणि द्राक्षारस. मंडळीचा वडील, म्हणजे प्रमुख पंच, तोही त्याच दिवशी निवडणार. आमच्या नऊ घरांत लायक कोण, हे मी लिहिणं बरं नव्हे. मी शाळामास्तर आहे, एवढंच.
ठराव: पहाटे चारला उठणे. एकभुक्त राहणे. सर्वांना क्षमा.
सर्वांना म्हणजे थोरल्या भावाला, बिरदेवदादाला. बाकी कुणाशी माझं भांडण नाही. तीन वर्षांपूर्वी ‘जागृत राहा’ यावर उपदेश चालू असता मी डोळे मिटून चिंतन करत होतो. दादा मोठ्यानं हसला. मग सगळी मंडळी हसली. मी घोरत होतो म्हणे. तेव्हापासून अबोला.

७ नोव्हेंबर, सकाळी आठ
आत्ताच उठलो. अलार्ममध्ये बिघाड.
क्षमेचं भाषण लिहायला घेतलं. चार पानं झाली. अजून दादाच्या बालपणातच आहे.

१० नोव्हेंबर
सितावहिनी दारात आली. दादाला हिवताप. भावजी, त्यास्नी लई थंडी वाजतीया, कोयनेल द्या, म्हणाली. लढाईमुळं हिवतापाचं हे औषध बाजारात मिळत नाही. मिशननं वाटायला दिलेला गोळ्यांचा डबा माझ्या पेटीत आहे. मी तिला शांतपणे समजावलं, की आधी क्षमा, मग गोळी, आणि क्षमा २५ तारखेला. आवाजात जराही राग नव्हता. प्रगती.

१३ नोव्हेंबर
माझी बायको कस्तुरा म्हणते, घरातल्या घरात देऊन टाका की, कोण बघतंय. तेच तर. आत्ताच गुपचूप मिटवलं तर सभेत काय मिटवू? बायकांना तत्त्व कळत नाही.
रात्री जेवलो. ते दुसऱ्या दिवसाचं धरलं.

१६ नोव्हेंबर
दादाचा निरोप आला. गोरोबाला म्हणावं, म्या हसलो ते चुकलं, एकदा येऊन जा.
फार आनंद झाला. प्रार्थनेचं फळ. उलट निरोप पाठवला, की हेच शब्द नीट लक्षात ठेव आणि शनिवारी सभेत उभा राहून म्हण. भाषणात त्यासाठी जागा सोडली. कंसात लिहिलं: इथे दादा रडेल.

२० नोव्हेंबर
दुपारी चिंतनात असता कस्तुरानं उशाखालची पेटीची चावी काढली. वेळेवर डोळे उघडले म्हणून बरं. म्हणजे मी जागृत असतो, हेही सिद्ध झालं. चावी आता कमरेला. ती माझ्याशी बोलत नाही. तिलाही सभेत क्षमा करावी लागणार. भाषण एका पानानं वाढलं.

२२ नोव्हेंबर, दुपारी
दादाला शुद्ध नाही, असं वहिनी सांगून गेली. यावेळी काही मागितलं नाही. माझं मन द्रवलं. सहा गोळ्या मोजून पुडी बांधली. वर लिहिलं: शनिवारी, सभेनंतर. पुडी पेटीत ठेवली. मन हलकं झालं.

२३ नोव्हेंबर, गुरुवार
दादा सकाळी गेला. दुपारी माती दिली. प्रार्थना मीच केली. भाषणातली बालपणाची दोन पानं तिथं चांगली उपयोगी पडली. सगळे रडले. वहिनी रडली नाही.
दोनच दिवसांचा प्रश्न होता. दादाला धीर म्हणून कधी नव्हताच.

२४ नोव्हेंबर
सभेत एकट्यानंच क्षमा करायची ठरवलं. त्यात मोठेपणा जास्त. वहिनीसमोर पुडीही ठेवीन, म्हणजे माझी तयारी होती हे तिला दिसेल. रात्रभर प्रॅक्टिस.

२५ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळी सहा
वेळेआधी जाऊन बसलो. वहिनी पुढच्याच सतरंजीवर होती. पाद्रीसाहेब म्हणाले, ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं उठावं. पहिलं वाक्य आठवावं म्हणून क्षणभर डोळे मिटले.
उघडले तेव्हा शाळा रिकामी. सतरंज्या गुंडाळून झालेल्या. दाराशी कस्तुरा एकटी. वडील कोण झालं ते विचारलं. शाळेचा शिपाई शिवप्पा, म्हणाली. पाच दिवसांनी बोललेला पहिला शब्द.
मला का उठवलं नाही, विचारलं. झोपू द्या त्यांना, असं पाद्रीसाहेब म्हणाले म्हणे.
घोरत होतो का, विचारलं. व्हय, म्हणाली.
कुणी हसलं का, विचारलं. कुणीच न्हाय, म्हणाली.