टेकडीतले बावीस

३ मार्च
आले बाई एकदाची! टेम्पोवाल्याने माझी ट्रंक आणि मला एकाच निर्विकारपणे बंदराच्या फाटकाशी उतरवलं. खोली झकास आहे. खिडकीतून धक्का, क्रेन, माल उतरवणारी जहाजं दिसतात. मागची भिंत म्हणजे टेकडीचा उघडा कातळच. कॅलेंडर टांगायला त्यात खिळा ठोकून पाहिला, खिळाच वाकला. काम माझ्या आवडीचं आहे: बंदराच्या शंभरीनिमित्त या टेकडीचा इतिहास लिहायचा. बंदराचा प्रत्येक दगड हिच्या पोटातून निघालाय आणि अजून निघतोय. बंदराच्या साहेबांनी पहिलं वाक्य आयतंच दिलं, 'एकही माणूस न गमावता हे बंदर उभं राहिलं.' आयतं मला पचत नाही, पण पहिल्याच दिवशी कशाला तोंड वाजवा.

५ मार्च
टेकडीच्या खाणीवर गेले. तिथला मुकादम भला माणूस, बोलायला लागला की थांबत नाही. सुरुंगाची पद्धत त्यानेच समजावली. दुपारी बाराला तो टांगलेल्या रुळावर तीन ठोके देतो. आत कुणी राहिलं असेल तर त्याने कातळावर हातोडी मारायची. ती ऐकू आली तर भोंगा एकदा आणि काम बंद. नाही आली तर भोंगा दोनदा आणि वात पेटते. हा नियम आजवर कुणी मोडला नाही, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. मग सगळ्यांनी कानात कापूस घातला. स्फोटासाठी घालतात हे ठीक, पण तीन ठोक्यांच्या आधीच कशाला, ते मला कळलं नाही.

८ मार्च
काल बाराला खोलीत लिहीत होते. रुळाचे तीन ठोके झाले आणि पाठोपाठ मागच्या कातळातून ठक, ठक. दगड तापला असेल, अशी स्वतःची समजूत घातली. आज कान लावून मोजले. बावीस. एक जड, एक घाईचा, शेवटचा अगदी हलका, दमलेल्या माणसाचा असावा तसा. दगड असा दमत नाही.

९ मार्च
खानावळवाल्या मावशींना विचारलं. वय ऐंशी, जिभेला विळीची धार. बावीस म्हणताच त्यांच्या हातातली पळी खाली पडली. त्या पाच वर्षांच्या असताना त्यांचे वडील डबा घेऊन टेकडीवर कामाला गेले, ते परतलेच नाहीत. त्या दिवशी असे बावीसजण गेले. बंदराच्या दप्तरात शेरा आहे, 'काम सोडून पळाले.' पळपुट्याची पोर म्हणून मावशींचं लग्न दोनदा मोडलं. मरायच्या आत एवढं लिही गं पोरी, म्हणाल्या, की माझा बाप पळाला नव्हता. लिहीन. कोण अडवतो तेच बघते!

११ मार्च
मुकादमाला फैलावर घेतलं. सगळ्यांना ठाऊक आहे! ठोके ऐकू आले तर नियमाने काम बंद करावं लागेल, म्हणून कापूस. नियम मोडायचा नाही, ऐकायचंच नाही. पहिला कापूस त्याच्या आजोबांनी घातला, ते बावीसजण आतून हातोड्या मारत होते त्या दिवशी. दगडासाठी जहाज खोळंबलं होतं.
आधी भीती वाटली. मग राग आला. राग बरा, रागात भीतीला जागा उरत नाही.

१३ मार्च
नव्या खोदाईत जुन्या बोगद्याचं तोंड उघडं पडलंय. बॅटरी घेऊन घुसले. माणसं नाहीत, हाडं नाहीत. ओळीने बावीस डबे, झाकणांवर खिळ्याने कोरलेली नावं. सगळी उतरवून घेतली. मावशींच्या वडिलांचा डबा उचलला.
गरम होता. आत्ताच भरल्यासारखा.
भ्याले, खोटं कशाला बोलू. पण डबा सोडला नाही.

१४ मार्च
डबा साहेबांच्या टेबलावर आदळला. कुणाचाही असेल म्हणाले आणि खणात टाकला. बोगद्यावरचा सुरुंग वीस तारखेला होता, तो उद्यावर आणलाय. म्हणजे पुरावाच गाडायचा.
नावांचा कागद मावशींकडे दिलाय. तो काही साहेबांच्या खणात जायचा नाही.
उद्या मी आत बसणार. माझा ठोका तरी जिवंत माणसाचा असेल. मुकादम म्हणाला, कापूस काढीन, शब्दाला जागेन.

१५ मार्च, पावणेबारा
आत आहे. डब्यांशेजारी हातोड्या — परवा नव्हत्या. एक घेतली. मूठ ओली, घामाने. माझ्या नव्हे.
शेजारी कुणीतरी श्वास घेतंय. एकच नाही —

बारा
तीन ठोके. मी मारला, सगळी ताकद लावून. त्यांनीही मारले — इतक्या जवळून —
बाहेर मुकादम दिसतोय. इकडेच बघतोय. रडतोय. हात कानाकडे गेला. कापूस काढतो — नाही. दाबतोय. आणखी आत दाबतोय —
भोंगा. एकदा.
दोनदा.
घाला मेल्यांनो कापूस! हातोड्या पुन्हा उचलल्यात. माझीही. ऐका नाहीतर नका ऐकू, आम्ही कुणीच पळालो ना