शेळ्यांसाठी आणलेला राख्या

४ डिसें.
भात कापून झालं, काठियावाडी मेंढपाळ राणाभाईच्या मेंढ्या खतासाठी आमच्या शेतात बसल्या. हे होडीवर खलाशी, थेट मे अखेर येणार. घरात मी आणि माझी छोटी रुपी दोघीच, त्यात बिबट्याने शेळी नेली, म्हणून राखणीला राणाभाईकडे कुत्र्याचं पिल्लू मागितलं. म्हणाला, "आई आमच्या काठियावाडची, बेन. बाप रानातला. पूछू नको." "लांडगा असेल," म्हणत मी हसले. तो नाही हसला.

५ डिसें.
राणाभाईची ताकीद: पिल्लू शेळ्यांतच ठेवायचं, शेळीचंच दूध पाजायचं. "ज्याच्यात वाढल, त्यालाच आपला कळप मानल." पण गोठ्यात कुडकुडत होतं. रुपीने रडून घर डोक्यावर घेतलं. घेतलं मग तिच्या गोधडीत. थंडी सरेपर्यंत काय बिघडतंय? राखाडी रंग, म्हणून नाव राख्या.

१९ फेब्रु.
राख्या भुंकतच नाही. रुपी ओहोळाकडे निघाली की खांद्याने ढकलून परत आणतो. टाचेला दात लावतो, पण ओरखडाही नाही. शिकवलं कुणी? शेजारच्या जानकीकाकी कौतुकाने बघत होत्या. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू.

२७ मार्च
बिबट्याने आणखी एक शेळी नेली. राख्या जागचा हलला नाही. रुपीच्या खाटेखाली बसून होता. शेळ्या त्याच्या लेखी परक्याच.

१६ एप्रिल
माझा भाऊ आला, त्याने रुपीला उचललं. राख्याने त्याचं मनगट तोंडात धरलं. आवाज नाही, काही नाही. तिला खाली ठेवली तेव्हाच सोडलं. म्हणतात, भुंकणारा चावत नाही. न भुंकणाऱ्याचं कुणी सांगून ठेवलेलं नाही.
राणाभाईला फोन. "घरात घेतला ना? मंग आता शेळ्यांचा नाय होणार तो. तुझ्या पोरीचा झाला."
"आणि तिचा बाप आला तर?"
"राख्याने पाहिलाय का तिच्या बापाला?"

२९ मे
ह्यांचा फोन, उद्या येतोय. रुपी नाचतेय. बाबा आले की उडी मारून गळ्यातच पडणार म्हणे. मला भीती वाटतेय, आणि ह्यांना सांगितलं तर हसतात. "कुत्र्याला काय घाबरतेस गं."

३० मे
सकाळीच राख्याला गोठ्यात बांधला, होडीच्या जाड दोराने. आता पाहिलं तर खुंट्याला नुसतं टोक लोंबतंय. तो उंबऱ्यात आडवा बसलाय, तोंड रस्त्याकडे. रुपीला आत कोंडलंय, ती दार बडवतेय.
ह्यांना फोन लागत नाही.
रिक्षा वळणावर आली. राख्या उठला. भुंकत नाहीये.