आन्याचं जावळ

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
२ फेब्रुवारी २०२५

चि. ऋषीस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून हा कागद. दुसरंही कारण आहे. आमच्या वकीलबाईंनी दम दिलाय की आन्याबद्दल ई-मेल नको, मेसेज नको. लिहिलेलं सगळं कोर्ट मागवू शकतं. पोस्टाचं तिकीट लावलेलं मराठी पाकीट कोण मागवणार!

इकडे सगळं ठीक. यतीनचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय आणि तो फिजिओकडे न जाता यूट्यूब बघतोय. आन्या चालायला लागली. पाच पावलं टाकते, मग स्वतःच टाळ्या वाजवते आणि त्या नादात बसते. भात वरण-तूप घातल्याशिवाय खात नाही. परवा मी ऑफिसच्या कॉलवर होते तर दाराबाहेरून 'आई, आई' सुरू. टीममधल्या सगळ्यांनी ऐकलं. पंचेचाळिसाव्या वर्षी, तीनदा त्या ट्रीटमेंटचे हाल सोसून झाल्यावर, मला कुणीतरी दाराबाहेरून आई म्हणून हाक मारतंय. मी कॅमेरा बंद करून रडून घेतलं.

प्रीता कशी आहे? वेदचा दात पडला का?

आता कामाचं. तुला माहीत आहे, आन्या आमच्याकडे सात महिन्यांची असताना फोस्टर म्हणून, तात्पुरती सांभाळायला, आली. तिची आई फ्रीवेवरच्या अपघातात गेली, बापाचा पत्ता नाही, नातेवाईक कुणी सापडेना. कुणी सापडलं नाही तर आपल्याला दत्तक मिळेल, असं सोशल वर्कर म्हणाली होती. मग ऑक्टोबरात साउथ डकोटात तिची आजी सापडली, आईची आई. लकोटा जमातीची. डेल्फिन तिचं नाव. इथल्या आदिवासी मुलांसाठी वेगळा कायदा आहे: मूल आधी नातेवाइकांना, मग त्यांच्या जमातीतल्या घराला, आणि मग आपल्यासारख्यांना. पूर्वी म्हणे अशी मुलं सरसकट उचलून गोऱ्या घरांत वाटून टाकायचे, म्हणून हा कायदा आला. चांगलाच आहे. पण आम्ही कुठे गोरे आहोत?

६ मार्चला सुनावणी आहे. मूल आमच्याकडे रुळलंय, हलवलं तर त्याला इजा होईल, अशी आमची बाजू. बाजू भक्कम आहे. फक्त ते नोव्हेंबरात काढलेलं जावळ आडवं आलंय.

आजी चोवीस जानेवारीला स्वतः बसने आली, दीड दिवस प्रवास करून. सोशल वर्करच्या ऑफिसात भेट होती. तिने आन्याची टोपी काढली आणि पाहिलं. आरडाओरडा केला नाही. एक प्रश्न विचारला फक्त, तो जाऊ दे. पण आता तिचं म्हणणं असं, की ऑक्टोबरातल्या पहिल्याच व्हिडिओ कॉलवर तिने मला सांगितलं होतं, हिच्या केसांना कात्री लावू नका.

त्या कॉलचं रेकॉर्डिंग नाही. वकीलबाई म्हणाल्या, "शब्दाला शब्द आहे. इकडे दोन इंजिनियर, चार बेडरूमचं घर, उत्तम शाळा. तिकडे रिझर्व्हेशनवर, आदिवासींच्या राखीव वस्तीत, ट्रेलरमध्ये एकटी राहणारी एकाहत्तर वर्षांची बाई. कोर्टाला कुणाचं पटेल ते तुम्हीच बघा." मला ते ऐकून बरं वाटलं. तुझ्याशी कशाला खोटं बोलू.

सोबतच्या कागदावर सही करून पाठव. त्यात एवढंच आहे की जावळाच्या दिवशी तू हजर होतास, मामा म्हणून तिला मांडीवर घेतलंस, हा आपल्यात कौतुकाने करायचा विधी आहे, आणि आजीची हरकत असल्याचं घरात कुणाच्याच कानावर नव्हतं. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. त्या दिवशी स्वयंपाकघरात तू मला जे विचारलंस ते विसरून जा. सोयऱ्याधायऱ्यांत हजार गोष्टी बोलल्या जातात.

मोठ्या बहिणीने आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

तुझी,
ताई

•

फ्रीमाँट
२१ फेब्रुवारी

चि. ऋषीस,
आशीर्वाद आहेतच.

कागद सही न करता परत आला. वर तुझी चिठ्ठी: 'ताई, मी विचारलं होतं, आजीला कळवलंस का? तू म्हणालीस, कळवलंय, तिला आनंदच झाला. मग आता कुणाच्याच कानावर नव्हतं हे कसं?'

शहाणा झालास. ओहायोत बसून बहिणीला उलटतपासणी! वेदला कुणी उचलून नेत असतं तर तू किती सत्य बोलला असतास ते मी पाहिलं असतं. तुझं पोर तुझ्या हक्काचं, तुला काय कळणार! हे मी रागाने लिहिलंय आणि खोडणार नाही. दोन दिवस तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. एकीनेही समाधान झालं नाही.

काल आजीची दुसरी भेट झाली. ऑफिसात एक खोली आहे, फरशीवर खेळणी, कोपऱ्यात सोशल वर्कर टिपणं घेत बसलेली. आजी ओकलंडमध्ये भाचीकडे उतरली आहे. तिने संत्री आणली होती, सोलून एकेक फोड आन्याच्या हातात देत होती. मी गप्प. तर मला म्हणाली, "तुमच्या घरात सगळे इतके गप्प असतात की मी आल्यावरच?" मला हसू आलं आणि हसल्याबद्दल स्वतःचा राग आला.

पहिल्या भेटीतला तो प्रश्न तुला सांगितला नव्हता. टोपी काढून तिने आन्याच्या डोक्यावर तळवा ठेवला. केस नुकते बोटाला लागण्याइतके उगवले होते. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "हिचं कोण गेलं?"

मला कळेना. तिने डोक्याचा रुमाल सोडला. तिचे स्वतःचे केस कानाच्या वर कापलेले. त्यांच्यात जवळचं माणूस गेलं की केस कापतात, ऋषी. एरवी नाही. तिने लेकीसाठी कापले होते. म्हणाली, "हिच्या आईसाठी कापलेत का? तसं असेल तर मला बोलवायला हवं होतं. ते काम माझं होतं."

हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं, उलट वाहवा झाली असती. बाबा गेले तेव्हा घाटावरून आलेलं तुझं डोकं पाहून मी दाराच्या आड गेले होते, आठवतं? मला काय ते कळत नाही असं नाही. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. गप्प बसले, आणि सोशल वर्करने लिहून घेतलं की फोस्टर मदरला सांस्कृतिक माहिती नव्हती.

काल तिने शाळेचं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. सहा वर्षांची असताना सरकारी गाडी आली आणि तिला दूरच्या वसतिगृहाच्या शाळेत घेऊन गेली. पहिल्या दिवशी स्टुलावर बसवून दोन्ही वेण्या कापल्या, डोक्यावर रॉकेल ओतलं, नंबर दिला. आपली भाषा बोललं की तोंडात साबण. त्यांना रानटीपणातून बाहेर काढायचं होतं, उपकार करत होते. "मार लागला त्याचं काही नाही," ती म्हणाली, "पण केस कापले म्हणून मला वाटलं माझी आई मेली. दुसरं कारणच मला माहीत नव्हतं. कुणाला विचारू? माझी भाषा बोलणं बंद होतं. वर्षभर रडले. मे महिन्यात घरी सोडलं तर आई दारात उभी. मी तिच्याजवळ गेले नाही. वाटलं, भूत आहे."

एवढं बोलून तिने पुढची फोड सोलली.

मग विचारलं, "तुम्ही हिला काय म्हणता?"

"आन्या."

"तिचं नाव जोसी आहे," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. मुलीने मात्र माझ्याकडे बघितलं, कारण आन्या मी म्हटलं होतं.

घरी येऊन यतीनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "निलू, वाईट वाटतं मलाही. पण हे साठ वर्षांपूर्वी कुणीतरी दुसऱ्यांनी केलं यार. आपण का फेडायचं? डोन्ट लूज हर ओव्हर दिस." त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. तो रोज सकाळी तिला खांद्यावर घेऊन कचऱ्याची गाडी दाखवतो. गाडी दिसली नाही तर दोघं हिरमुसतात.

कागद पुन्हा पाठवत नाही. पण फाडलेलाही नाही. मला काय करावं ते सुचत नाही, ऋषी. जेवण जात नाही. तू एक फोन तरी कर.

तुझी,
ताई

•

फ्रीमाँट
९ मार्च

ऋषी,

काल तू फोन केलास आणि मी उचलला नाही. आता तुला कळलं असेल कसं वाटतं. चेष्टा करत नाहीये. बोलायला गेले असते तर नुसता आवाज फुटला असता. लिहिताना निदान वाक्यं पुरी होतात.

आधी ते सांगते जे कोर्टातही सांगितलं नाही, कारण तिथे कुणी विचारलं नाही.

तेरा ऑक्टोबर, रविवार. पहिला व्हिडिओ कॉल. आन्या माझ्या मांडीवर, तिचे ते दाट काळे केस कपाळावर आलेले. आजीने चेहरा पडद्याजवळ आणला. मग म्हणाली, "मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागते. हिचे केस कापू नका. बाकी तुम्ही तिला चांगलं ठेवलंय, दिसतंय मला." मी ओके म्हणाले. मान डोलावली. अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं, नेटवर्क उत्तम होतं.

तोवर जावळाचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. वेदचं जावळ तुम्ही काढलंत तेव्हा मीच नावं ठेवली होती, पोराला उगीच रडवता म्हणून. आठव. पण कॉल संपला आणि माझं डोकं फिरलं. ही कोण मला सांगणार? मुलगी ताप आल्यावर रात्रभर माझ्या अंगावर झोपते आणि ही पडद्यावरून हक्क गाजवते. दुसऱ्याच दिवशी मी तुला फोन केला, की अकरावा महिना लागतोय, विषम आहे, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला ये, मामाची मांडी हवी. जावळ काढलं की ती आपल्या घरची झाली, मग कुणी काही म्हणू दे, असं माझं गणित. तिने नको म्हटलं नसतं तर मी काढलंच नसतं. म्हणून काढलं. तू मांडीवर घेऊन तिला खुळखुळा वाजवून दाखवत होतास, ती तरी ओरडत होती, आणि मी पेढे वाटत होते.

नंतरच्या प्रत्येक रविवारी कॉलच्या आधी मी तिला लोकरीची टोपी घालायचे. दोन महिने. आजी म्हणायची, तुमच्याकडे फार थंडी दिसते. मी म्हणायचे, हो. कॅलिफोर्नियात!

ऑफिसात कुणी माझ्या उच्चारांची नक्कल केली तर मी एचआरकडे जाते. आणि ती बाई काय सांगते याला कोर्टात किंमत नाही, हे ऐकून मी त्या दिवशी आनंदाने घरी येऊन पोहे केले होते.

सहा तारखेला जजने मला थेट विचारलं, "केसांबद्दल तुम्हाला आधी कुणी काही सांगितलं होतं का?" वकीलबाईंनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी म्हणाले, "हो. आजीने सांगितलं होतं. मी ओके म्हणाले होते." यतीनने मान खाली घातली ती वर केली नाही. त्यानंतर सगळं भराभर झालं. आन्या आजीकडे जाणार. येत्या शुक्रवारी, चौदा तारखेला, सकाळी दहा वाजता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मी डेल्फिनबाईंसमोर जाऊन उभी राहिले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "मला माहीत होतं. तुझी मान हललेली मी पाहिली होती. दीड महिना मी हेच सांगतेय, प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक कागदावर. सगळे म्हणत होते, नोंद घेतली आहे. आज तू एकदा सांगितलंस आणि ते खरं झालं."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही पुढे मागितली नाही.

मी एवढंच म्हणाले, की ती मला शोधेल. सध्या बाथरूमचं दार लावलं तरी रडते. तिला वाटेल मी मेले. तिला सांगा हो, की मी मेलेली नाही. त्यांनी डोक्यावरचा रुमाल नीट बांधला. मग म्हणाल्या, "रोज सांगेन. तिच्या नावाने हाक मारून सांगेन."

यतीन तीन दिवस माझ्याशी बोललेला नाही. तो शुक्रवारी येणार नाही म्हणतो, त्याच्याच्याने ते बघवणार नाही. तो आन्याला घेऊन नुसता घरभर फिरतोय. तुला वाटत असेल ताईने शेवटी बरोबर केलं. कुणी तसं म्हटलेलं मला चालणार नाही. बरोबर करायचा दिवस तेरा ऑक्टोबर होता. तेव्हा केलं असतं तर कदाचित त्यांनी मला त्यांच्या घरी येऊ दिलं असतं, मी कुणीतरी लागले असते तिची. आता मी टोपी घालणारी बाई आहे.

तिच्या बॅगेत काय भरायचं याची यादी सोशल वर्करने पाठवली आहे. कपडे, औषधं, आवडतं पांघरूण. वरण-भात कसा करायचा ते मी इंग्रजीत लिहून ठेवलं आणि मग फाडलं. त्यांच्या घरी त्यांचं जेवण असेल.

तू ये. काही सही करायची नाही, काही बोलायचं नाही. फक्त दहा वाजता ती माझ्या हातातून जाईल तेव्हा माझ्या शेजारी उभा राहा, आणि नंतर गाडी तू चालव. रिकाम्या कार-सीटकडे आरशात बघत मला फ्रीवेवरून घरी येता येणार नाही.

आणि ये म्हणते ते मोठी बहीण म्हणून नाही. ताईपणा दाखवून मी तुझ्याकडून खोटी सही मागितली. ते नाव आता मला लिहवत नाही. तुला द्यावंसं वाटलं तर तू आल्यावर हाक मार.

नीलांबरी