मेल्यावर चालणारा शिपाई

ता. ३ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तुम्ही नव्यानं बांधून दिलेली रोमन कादंबरी आमच्या वाचनालयात हातोहात फिरते आहे. मतांच्या वहीत पोस्टमनकाका लिहितात, रोमनांपेक्षा जर्मानिक टोळ्यांचीच माणसं घरातली वाटतात. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, रोमन लढतात कमी नि आंघोळी जास्त करतात. पण सगळ्यांचा जीव अडकलाय एकाच जागी. निशाण धरणारा शिपाई टोळीच्या भाल्यानं मरतो आणि पुढच्याच पानावर धुक्याच्या जंगलात चालू लागतो, शत्रूच्या म्हातारीकडे पाणी मागतो. शिंपीणकाकूंनी लिहिलंय, तेव्हापासून त्यांचे गेलेले यजमान स्वप्नात अनवाणी चालत येतात, आणि बरं वाटतं.

रविवारी कमिटी बसतेय. बांधणीचं काम तुमच्याकडे ठेवायचं की यंत्रवाल्याला द्यायचं, ते ठरेल. मी ही वहीच पुढे ठेवते. काळजी करू नका.

तुमची लाडकी कटकट,
ठमी

ता. ६ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

काळजी करू नका म्हणालीस, म्हणून कालपासून तीच करतोय. वही दाखवू नकोस. तो शिपाई मेल्यावर चालत नाही गं. मीच त्याला चालवला.

पुस्तक उसवून सोळा-सोळा पानांचे फर्मे टेबलावर मांडले होते. शिवण्याआधी पानांचे आकडे मोठ्यानं म्हणायचे, ही माझी रीत तुला ठाऊक आहे. त्या दिवशी चष्म्यातूनही तिनाचा आठ दिसत होता. म्हटलं, चाळीस वर्षं झाली, बोटांना कळतं. बोटांना कळलं नाही. आधीचा जंगलाचा फर्मा मरणाच्या फर्म्यानंतर गेला. दोन्ही फर्मे नेमके प्रकरणाला सुरू होतात नि प्रकरणाला संपतात, म्हणून कुणाला खटकलं नाही. मी सातवी नापास माणूस, आणि लेखकाच्या पुस्तकात हात घातला!

काम गेलं तर काय करू? खळीच्या वासाशिवाय सकाळ कशी असते, मला माहीत नाही. तरी कमिटीला खरं सांग. शिंपीणबाईंना मात्र हळूच सांग.

तुझे धास्तावलेले,
बाबा

ता. १० मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, मग यंत्रवालाच बरा. गणिताच्या मास्तरांनी कबूल केलं, आकडे मागेपुढे झालेले त्यांना दिसले होते, पण धुक्यातून बाहेर यावंसं वाटेना. शेवटी ठरलं ते असं : जाड पुस्तकं यंत्रावर, दोन-चार फर्म्यांची तुमच्याकडे. दर शनिवारी येऊन आकडे मी म्हणेन. अर्धं काम गेलं, लपवत नाही.

कादंबरी परत पाठवते. नीट शिवा.

तुमची,
ठमी

ता. १६ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

उसवली, शिवली. शनिवारपर्यंत धीर निघेना, म्हणून आकडे शेजारणीकडून दोनदा म्हणवून घेतले. वैतागली बिचारी. आता शिपाई आधी जंगलातून चालतो, पाणी पितो, मग मरतो. लेखकाचंच बरोबर आहे.

हे माझं शेवटचं जाड पुस्तक. दोरा ओढला, आणि शेवटची गाठ मारायची दुपारभर तशीच ठेवली. खिडकीशी बसून राहिलो. म्हटलं, तेवढा वेळ चालू दे त्याला.

मग मारली.

शनिवारी ये. माया आहे तशीच असू दे.

तुझे,
बाबा