डाव्या चाकाची केबल

४ डिसेंबर, गुरुवार
बाबांची जुनी गाडी दसऱ्यापासून क्वार्टरसमोर उभी आहे. आज ढकलून पाहिली. हॅण्डब्रेकचा दांडा खाली आहे, तरी मागची चाके घट्ट धरलेली. आई दारातून म्हणाली, “रविवारी भंगारवाला येतोय. त्यालाच ढकलू दे.” बाबांनी वर्तमानपत्राचे पान उलटले.

गाडी गेली तर माझे शिकणेही गेले. शिकाऊ परवाना कपाटात पडून राहील. बाबांना हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात रिक्षातूनच न्यावे लागेल. चढताना चालक त्यांना काखेत धरतो, तेव्हाचा त्यांचा चेहरा...

५ डिसें., शुक्र.
जवाहर चौकातल्या मेकॅनिककडे गेले. इथे सगळा कारभार हिंदीत, म्हणून वाटेत वाक्ये मनात रचून ठेवली होती. साताऱ्याच्या शाळेत मराठी माध्यमातून पहिली आलेली मी, त्याच्यासमोर “भैया, वो पीछे का...” एवढेच निघाले. त्याने हातातले काम न थांबवता ऐकले. “खड़ी-खड़ी हॅण्डब्रेक की केबल जाम हो गई, दीदी. इस मॉडल की नई मिलना मुश्किल. तेल पिला के देख लो, नहीं तो कबाड़ में दे दो.”

तेल पिलाना! काय सुंदर शब्द आहे.

संध्याकाळी बाबांना विचारले. कारण तेव्हा उमगले. दसऱ्याला आम्ही गाडी धुतली, झेंडूचा हार घातला आणि ‘हॅण्डब्रेक लावल्याशिवाय उतरायचे नाही’ या घरच्या नियमाप्रमाणे बाबांनी तो ओल्या चाकांवरच करकचून ओढला. पुढच्याच आठवड्यात पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. गाडीकडे मग कोण पाहणार?
“माझीच शिस्त नडली की गं वसू,” म्हणाले आणि चक्क हसले. आजारपणानंतर प्रथमच.

६ डिसें., शनि.
बाबा अंगणात वेताच्या खुर्चीत, डाव्या हातात टॉर्च. पुढच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला.
“आधी ठोकळे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.”
मागची चाके काढली. ब्रेकच्या ड्रमवर लाकडी हातोडीने ठोकले. गंज भुरूभुरू गळला. मग दोन्ही केबल सोडवल्या, त्यांची टोके वर बांधली आणि कागदाच्या कोनातून तेल आत सोडले. वाट पाहिली. ओढले. काही नाही.
“नुसती ओढू नकोस. थोडी आत, थोडी बाहेर. रुसलेल्या माणसाशी बोलतात तसे.”
आई खिडकीतून : “अहो, जेवायला येताय, की ताटे गाडीखालीच सरकवू?”

उन्हे कलताना उजवी केबल सुटली, एकदम, सळकन. जोडून पाहिली. दांडा वर, ड्रम घट्ट. दांडा खाली, ड्रम मोकळा.
“फिरव अजून,” बाबा म्हणाले. काही कारण नसताना मी तो कितीतरी वेळ फिरवत बसले.
डावी मात्र ढिम्म.

७ डिसें., रवि.
भंगारवाला सकाळीच आला. आईने माझ्याकडे पाहिले. “तूच सांग काय ते.” एकही वाक्य तयार नव्हते.
“भैया, अभी गाड़ी नहीं देनी. एक पहिया छूट गया है.”
“और दूसरा?”
“उसको तेल पिलाया है.”
तो हसत सुटला. “हमारा तो इतवार ख़राब कर दिया, दीदी.” मीही हसले, मोठ्याने. आई आत जाऊन चहा टाकू लागली. त्याच्यासाठी की आमच्यासाठी, कळले नाही; दिला मात्र सगळ्यांना.

दुपारी डावी केबल नखभर हलली. नंतर बोटभर. ओढली की येते, पण आपणहून परत जात नाही. हाताने ढकलावी लागते. बाबा म्हणाले, तिची ती परतू लागेपर्यंत चाक बसवायचे नाही, मग कितीही दिवस लागोत.

कोन पुन्हा भरला आहे. अजून ऊन आहे, तोवर आणखी एकदा आत-बाहेर करून पाहते.